ट्रॉलीवरचा पत्ता

चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेने मला, ह्यावर आमच्या घरात एकमत नाही.

माझी सून चोपड्याला घरात बसून पुण्याच्या कंपनीसाठी वेबसाइटी बनवते. शेजारी रोज ओट्यावरून विचारायचा, "भाऊ, तुन्ही सून दिनभर घरमा बशीसन काय करस?" हा गृहस्थ स्वतः दिवसभर ओट्यावर बसतो, पण ते काम. सुनेचं काम म्हणजे टाइमपास. हे गुपचूप ऐकून घेण्याइतका मी शिकलेला नाही.

तिने आमच्या केळीची साइट बनवायला घेतली होती. एक दिवस पाहतो तर लॅपटॉपवर आमचीच बाग, आमचेच घड, आणि वर इंग्रजीत पत्ता. सून भाकरी थापत होती. विचारायला जाणं माझ्या स्वभावात नाही. मी पेंटरला बोलावलं, पडद्यावरचा पत्ता अक्षर न् अक्षर उतरवून घेतला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर, जिथे लोक कुलदैवताचं नाव लिहितात, तिथे पिवळ्या रंगात रंगवून घेतला: लोकलहोस्ट, दोन टिंबं, तीन हजार. बाजूला पेंटरने हौसेने वेलबुट्टी काढली.

ट्रॉली चहाच्या टपरीसमोर नेऊन लावली. म्हटलं, उघडा आपापले फोन, बघा सुनेचं काम. सगळ्यांनी पत्ता टाकला. कोणाकडे काही उघडेना.

शेजाऱ्याला तर सण लागला, सगळंच खोटं ठरवायला निघाला. "भाऊ, बठ्ठं खोटं शे का?"

सुनेला फोन लावला. ती आधी पोटभर हसली.

"आबा, तो पत्ता ज्याच्या मशीनवर टाकाल, त्याच्याच मशीनमध्ये साइट शोधतो. साइट माझ्या लॅपटॉपमध्ये. लोकांच्या फोनमध्ये काय सापडणार?"

"मग आधी सांगायचं."

"तुम्ही आधी विचारायचं. पुसून टाका तो."

"रंग वाळला," मी म्हटलं.

ती स्कूटीवर लॅपटॉप घेऊन आली. टपरीच्या बाकावर बसली, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि लॅपटॉपसकट सगळ्यांचे फोन त्याला जोडले. साइट चालू करायची जी एक ओळ असते, तिच्या शेवटी 'होस्ट' असं शेपूट लावलं. म्हणाली, "घराचं दार आतून बंद होतं, आता उघडलं." मग लॅपटॉपचा आकड्यांचा पत्ता सगळ्यांना वाचून दाखवला. फोनाफोनात आमची बाग उघडली.

शेजाऱ्याने बोटाने एकेक घड मोजून पाहिला. फोन घेऊन रस्त्यापलीकडे पानठेल्यावर दाखवायला गेला आणि तिथून ओरडला, "बंद पडनी ना!"

"लांब गेलात, काका. इथे माझ्याजवळ बसा."

बिचारा संध्याकाळपर्यंत तिच्या बाकावरून हलला नाही. नंतर ओट्यावरून तो प्रश्न आलेला नाही. सवय मोडल्याने त्याला त्रास होत असावा.

पुढे साइटला खरा पत्ता मिळाला. पेंटर डबा घेऊन आला. "आबा, जुना पुसू ना?"

"हात लावू नको. तो घरचा पत्ता आहे. बाहेरच्यांसाठी खाली लिही."