मॅडमनी विचारलं तेव्हा

मुलगी सात वर्षांची असताना आमच्या घरात बॅले हा शब्द आला. त्याआधी मी तो कुठं वाचला असेल, पण कधी उच्चारला नव्हता. रेल्वेच्या एका अधिकाऱ्याची सोलापूरला बदली झाली होती आणि त्याची बायको लहानपणापासून मुंबईत हा नाच शिकलेली होती. वेळ जात नाही म्हणून कॉलनीच्या हॉलमध्ये ती आठवड्यातून तीन दिवस लहान मुलींना शिकवायची. माझ्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी तिथं जायची, तिच्यासोबत आमचीही गेली. दोन महिन्यांत बाकीच्या मुली गळाल्या. आमची राहिली.

शाळेत शिक्षकखोलीत मी हे सांगितलं तेव्हा हशा पिकला. "म्हणजे ते पोट हलवतात तेच का?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, नाही हो, हे पायाच्या बोटांवर उभं राहून करायचं असतं. "मग आपलं भरतनाट्यम काय वाईट आहे?" मुलीला ते आवडलं, एवढंच मला माहीत होतं. घरी ती ओट्याला धरून गुडघे वाकवायची, टाचा उचलायची, आणि तिच्या तोंडावर जे गांभीर्य यायचं ते मी तिच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याच मुलीच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मी पहिली-दुसरीचे वर्ग शिकवते, त्यामुळं मुली मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

दोन वर्षांनी त्या बाईंच्या यजमानांची पुन्हा बदली झाली. जाताना त्यांनी मला घरी बोलावलं आणि पुण्यातल्या एका शिक्षिकेचा नंबर दिला. "हिला वाया घालवू नका," म्हणाल्या. "असे पाय मला परत शिकवायला मिळतील असं वाटत नाही."

माझे यजमान चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. एका रविवारी त्यांनी लोखंडी पाइप आणला, घासून रंगवला आणि तिला धरून सराव करता यावा म्हणून बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर मुलीच्या कमरेच्या उंचीला बसवला. ती वाढत गेली तसा त्यांनी तो दोनदा वर सरकवला. जुन्या स्क्रूची भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. त्यांनी होकार दिला तो असा.

पुढची पाच वर्षं आमचा शनिवार-रविवार पुण्यात गेला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी दुपारची गाडी धरायचो. डबा गाडीतच. कुर्डुवाडी गेली की ती समोरच्या बाकाखाली पाय अडकवून पंजे ताणत बसायची आणि बरोबरचे प्रवासी मला विचारायचे, पोरीला पायाचं काही आहे का. संध्याकाळी क्लास, रात्री माझ्या मावसबहिणीकडं मुक्काम, रविवारी सकाळी पुन्हा क्लास आणि दुपारच्या गाडीनं परत. लग्नं, बारशी, यात्रा सगळं चुकलं. सासरी सगळ्यांना हे माहीत झालं होतं की आमच्या घरी निमंत्रण यजमानांनाच द्यायचं.

मला त्याचा त्रास झाला असं मी इतकी वर्षं सांगत आले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. क्लासच्या बाहेर अरुंद व्हरांडा होता, तिथं मुलींच्या आया बसायच्या. त्यातल्या बऱ्याचजणी मोटारीतून यायच्या, इंग्रजीत बोलायच्या. पहिलं वर्षभर मी कोपऱ्यात बसून वह्या तपासल्या. मग हळूहळू त्या मला जागा करून द्यायला लागल्या, कारण माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. "सोलापूरहून येता ना तुम्ही?" असं कुणी आदरानं विचारलं की मला आतून बरं वाटायचं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच.

बाराव्या वर्षी पुण्याच्या मॅडमनी तिला बोटांवर उभं राहायचे पॉइंट शूज घ्यायला सांगितले. दिसायला मऊ, गुलाबी, पण पुढचं टोक लाकडासारखं कडक. त्यांच्या फिती आणि इलॅस्टिक घरी शिवायचं असतं, ते मी शिवायची. त्यानंतर बोटांची सालं निघणं, नखं काळी पडणं रोजचं झालं. मी बोटांना पट्ट्या लावायची, मधे कापूस ठेवायची. मॅडमनी सगळ्या आयांना एकदा उभं करून स्पष्ट सांगितलं होतं, "बोटं दुखणारच. पण हाडात एकाच जागी दुखायला लागलं तर त्याच दिवशी मला सांगायचं. लपवायचं नाही." मी मान डोलावली होती.

मुलगी नववीत असताना जानेवारीत मॅडमनी मला आत बोलावलं. मेमध्ये मुंबईत बॅलेच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी निवड होणार होती. थोड्या मुली घेणार, तिथंच राहायचं, शाळा बाहेरून करायची, आणि चांगलं झालं तर पुढं परदेशात पाठवणार. "हिची निवड होईल अशी आशा आहे," मॅडम म्हणाल्या. परतीच्या गाडीत भिगवण मागं पडल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि मी खिडकीबाहेर बघत मनात तिच्या कपड्यांची बॅग भरत राहिले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावत होते. उजव्या पंजाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागं अंगठा दाबला तर तिनं पाय झटकन ओढून घेतला.

"इथं दुखतं का गं?"

"थोडंसं. दाबल्यावरच."

"काल कुठं दुखत होतं?"

ती म्हणाली, "तिथंच. आई, मॅडमना सांगू नकोस हां. त्या दोन महिने बसवून ठेवतील मला."

मी सांगणार नाही म्हटलं. आठ दिवस बघू, असं मी स्वतःशी ठरवलं. आठ दिवसांचे पंधरा झाले. मी बर्फाचा शेक देत होते, दुकानातून दुखण्याची गोळी आणत होते, आणि क्लासच्या आधी ती जेवणानंतर देत होते. कुणी मला भाग पाडलं नव्हतं. मी शिकलेली बाई आहे.

मार्चमध्ये माझे सासरे डोळे दाखवायला सांगोल्याकडून आले. आयुष्यभर त्यांनी मेंढरं राखली. डोळ्याला मोतीबिंदू होता, तरी मुलगी शाळेतून येताना त्यांनी दारातून पाहिलं आणि मला हाक मारली.

"पोरी, ही उजवा पाय चोरतीया."

"दमलीय आबा. परीक्षा चालू आहे."

"दमलेलं मानूस दोन्ही पाय वडतंय. ही एकच चोरतीया." थोडं थांबून म्हणाले, "मेंढरू असं कराया लागलं की आमी त्येला कळपातनं बाजूला काडतो. चालवत न्हाय. दावखान्यात दाव की तिला."

त्या रात्री जेवताना यजमानांनीही विचारलं. मी म्हटलं, शूज नवीन आहेत, चावतात. मुलगी ताटात बघत होती. तिनं मान वर केली नाही. सासरे हात धुऊन उठले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. त्यांच्या घरात सुनेला खोटं पाडायची रीत नव्हती.

आणि मग तो शनिवार. क्लास संपल्यावर मॅडम तिला घेऊन व्हरांड्यात आल्या. बाकीच्या आया निघून गेल्या होत्या. मॅडम गुडघ्यावर बसल्या, तिचा पाय हातात घेतला आणि म्हणाल्या, "उडी मारून खाली येताना ही वजन डाव्या पायावर टाकतेय. काही दुखतंय का?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मॅडमनीही बघितलं.

"नाही हो मॅडम," मी म्हटलं. "परीक्षेमुळं झोप कमी होतेय तिची."

मॅडमनी तिचा पाय खाली ठेवला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झोप घे नीट." माझ्यावर त्यांचा विश्वास होता. पाच वर्षांत मी एकही शनिवार चुकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोलापूर स्टेशनवर गाडीतून उतरताना तिनं उजवा पाय फलाटावर ठेवला आणि ती खालीच बसली. ओरडली नाही. मला वाटलं बॅगेचा पट्टा अडकला. यजमान आम्हाला न्यायला आले होते, ते धावत आले आणि त्यांनी तिला उचललं. चौदा वर्षांच्या मुलीला फलाटावरून, जिन्यावरून, रिक्षा स्टँडपर्यंत त्यांनी खाली ठेवलं नाही. मी दोन बॅगा घेऊन मागून चालत होते.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि दिव्यासमोर धरला. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी तिला विचारलं.

"आजच," ती म्हणाली. "उतरताना मुरगळला."

डॉक्टर म्हणाले, "आजचं नाही हे. हाडाला आधी तडा गेलेला आहे, तो भरत होता आणि परत परत मोडत होता. दोन महिन्यांचं तरी आहे. आज पूर्ण मोडलं." मग त्यांनी आमच्या दोघांकडं बघितलं. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

ती पुन्हा म्हणाली, "मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

यजमानांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं असावं. मी खाली फरशीकडं बघत राहिले. माझ्यासाठी माझी मुलगी खोटं बोलत होती आणि मी तिला बोलू देत होते.

प्लास्टर सहा आठवडे होतं. मे महिना गेला. मी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही मला फेब्रुवारीत सांगितलं असतं तर मेपर्यंत ती उभी राहिली असती." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

प्लास्टर निघाल्यावर तिनं परत सुरुवात केली. ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच जागी दुखायला लागलं. या वेळी तिनं स्वतःच बाबांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हाड जरा वाकडं भरलंय. चालेल, पळेल, सगळं करेल. बोटांवर उभं राहणं मात्र सोडून द्या. घरी आल्यावर तिनं तिचं सगळं सामान एका पिशवीत भरलं आणि पुढच्या वेळी पुण्याला गेलं की क्लासमधल्या लहान मुलींना देऊन टाका, असं बाबांना म्हणाली. मला काही सांगितलं नाही.

यजमान मला कधी टाकून बोलले नाहीत. फक्त एकदा, पुष्कळ महिन्यांनी, कामावर निघताना बूट घालता घालता म्हणाले, "मला सांगायचं होतंस की. मी नाही म्हणालो असतो, एवढंच झालं असतं." आणि ते गेले.

ती बारावीत असताना मी धीर केला. दुपारची वेळ होती, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगायला हवं होतं."

तिचे हात चालूच होते. "मीच तुला सांगू नकोस म्हटलं होतं ना."

"तू लहान होतीस."

मग ती थांबली. "पण त्या दिवशी मी तुझ्याकडं बघितलं होतं, आई."

"हो. मला वाटलं, तू सांगू नकोस म्हणतीयेस."

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी खूप दुखत होतं. मला स्वतःहून बोलायचं धाडस होत नव्हतं. मला वाटलं, आता तू सांगशील."

तिनं घडी पूर्ण केली, कपाटात ठेवली, आणि चहा करू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. चहा पिताना तिनं कॉलेजचे फॉर्म कधी भरायचे ते विचारलं, मी तारीख सांगितली. तिनं मला दोष दिला नाही, त्यामुळं माफ करणंही झालं नाही.

आता ती पुण्यात वसतिगृहात राहते, कॉमर्स शिकते. नाचाबद्दल बोलत नाही. मैत्रिणींना माहीत आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. मी रोज संध्याकाळी फोन करते. जेवलीस का, पाऊस आहे का, परीक्षा कधी, असं आमचं बोलणं होतं आणि ती नीट उत्तरं देते. तशी ती माझ्याशी कधीच वाईट वागली नाही.

मागच्या महिन्यात तिची अक्कलदाढ काढावी लागली. चार दिवस तिचा गाल सुजलेला होता म्हणे, ताप होता, काही खाता येत नव्हतं. ते चारही दिवस माझा फोन झाला होता आणि तिनं मला भाजी कुठली होती ते सांगितलं होतं. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी कळवलं होतं. मला ते यजमानांच्या तोंडून, ते पुण्याला जाऊन आल्यावर कळलं.

मी लगेच तिला फोन लावला. विचारलं, "खूप दुखलं का गं?"

"नाही गं आई," ती म्हणाली. "थोडंसंच."

मी बरं म्हटलं. खरंच थोडं होतं की जास्त, हे मला आता कळत नाही.