पत्रा वाजवणारे शेजारी

गल्लीत कुणी नवी गाडी आणली की पेढा तोंडात टाकायच्या आधी आमचे हे शेजारी तिच्या दारावर बोटाचं पेर वाजवतात. डोळे मिटून आवाज ऐकतात आणि मालकाच्या तोंडावरच निकाल देतात, "डबा हे भाऊ, निस्ता डबा. ॲव्हरेज बघितलं, जीव नाय बघितला." स्वतःची गाडी मात्र सेफ्टीत पाच स्टारवाली. ते स्टार कंपनीनं यांच्याच छातीवर लावलेत, अशा थाटात सांगतात.

मध्यंतरी वेरूळच्या दर्शनाला त्यांनी मला बळंच सोबत नेलं. पुढच्या सीटवर बसून पट्टा लावायला गेलो, तर खाचेत नुसती क्लिप खोचलेली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पट्टा नाय लावला की गाडी लई कोकलती. क्लिप खोचली, तिचं तोंड बंद."

मागं त्यांची चिमुरडी नात सीटवर उभी राहून नाचत होती.

दौलताबादच्या पुढं घाटात म्हैस आडवी आली. ब्रेक करकचून दाबूनही गाडी तिला घासलीच. नात माझ्या सीटवर येऊन आदळली, तिच्या कपाळावर टेंगूळ आलं. मी तिला मांडीवर घेतलं. हे खाली उतरले, बॉनेटवरून हात फिरवला, पेर वाजवलं, डोळे मिटून ऐकलं.

"बघा, साधा पोचा नाय! ह्याला म्हणतात पत्रा."

नात किंचाळत होती.

"हिला जरा गप करा भाऊ," असं म्हणून ते पुन्हा बॉनेटकडं वळले. पोरीला गप करायची क्लिप तेवढी अजून बाजारात आली नव्हती.