आत्यांच्या चिखल्या

भाच्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुंड्या बनत, आणि त्यांची माती आत्या पायांनी तुडवत. चाकावर भाचा बसे, पण तोरा आत्यांचा. पायाच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्याच. त्याचंही त्यांना कौतुक.

शेजारच्या लाँड्रीवाल्या बाईंनी एकदा कुरकुर केली, की आपण दिवसभर साबणाच्या पाण्यात उभ्या, चिखलाचं तोंड पाहत नाही, तरी आपल्यालाही चिखल्याच कशा? आत्यांनी ऐटीत सांगितलं, "चिखलात राबणाऱ्यांना होतात म्हणून चिखल्या. शब्द आमच्या घरचा. तुम्ही खुशाल उसना वापरा."

यंदा मात्र कातडी चिरली, पाऊल टेकवेना. डॉक्टरांनी महिनाभर पाय कोरडे ठेवायला सांगितले. आत्यांना एकच घोर लागला. माती तुडवायची नाही, तर या घरात आपलं काम काय? भाच्यानं त्यांना स्टुलावर बसवलं आणि मातीत भाचेसून उतरली. चिखल्यांच्या धास्तीनं तिनं गमबूट चढवले होते.

भट्टी उघडली तेव्हा निम्म्या कुंड्यांना तडे गेलेले. प्रत्येक तड्याच्या मुळाशी बारीकसा खडा. खोटं कशाला बोला, आत्यांना आधी बरंच वाटलं. मग भाचेसुनेचं उतरलेलं तोंड दिसलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"बूट काढ," त्या म्हणाल्या. "खडा पायाला कळतो, बुटाला नाही. काम झालं की पाय धू, बेचक्या कोरड्या कर. मी आळस केला, म्हणून अशी बसलेय."

भाचेसून घसरली, खांबाला लटकली, स्वतःवरच हसत सुटली. स्टुलावरून आत्यांचा तोंडाचा पट्टा सुरूच. काही दिवसांनी ती तुडवता तुडवता थबकली, वाकली आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खडा काढून तिनं आत्यांच्या तळहातावर ठेवला. आत्यांनी शाबासकी दिली खरी, पण मनात आलं, संपलं आता आपलं.

भाचेसुनेनं मातीचा ओला गोळा उचलला आणि सरळ त्यांच्या मांडीवर आणून ठेवला.

"मला एकच सापडला. आत अजून किती आहेत, ते तुम्ही सांगा. डॉक्टर पायांचं बोललेत, हातांचं नाही."

आत्यांनी बाह्या सरसावल्या. त्या गोळ्यात त्यांना आणखी दोन खडे सापडले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी भाचेसुनेला सुखानं उभं राहू दिलं नाही.