रक्तातली गाठ

माझे लूम आहेत. कापडात गाठ दिसली की माझं डोकं फिरतं. "ये गाठ किसने मारी?" असा ओरडलो की लूमच्या खडखडाटातही कारागिरांना बरोबर ऐकू जातं. त्यामुळे पोटरीची सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, "रक्तात गाठ झालीय, सरकली तर जिवावर बेतेल," तेव्हा मला भीतीच्या आधी राग आला. माझ्या मालात गाठ?

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. रोज चाला, असंही ते म्हणाले. पण एवढीशी गोळी, तिच्यावर माझा भरवसा बसेना. मी पडलो अतिशहाणा! सकाळी उपाशीपोटी लसूण, वर चमचाभर कलौंजीचं तेल, दुपारी आल्याचा काढा, शिवाय शेजाऱ्याने दिलेल्या कसल्याशा जडीबुटीच्या कॅप्सूल. चालायचं सोडून जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांच्या रस्त्याने दणादणा पळायला लागलो. ट्रकवाले हॉर्न मारायचे, मला वाटायचं कौतुक करतायत.

बायको नाक दाबून म्हणायची, "डॉक्टरांना विचारा तरी."

"लसूण काय औषध आहे? तू सालनात घालतेस की!"

मग दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी माझी गोळी बघितली, ती देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि मला विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"काही नाही," मी छाती काढून सांगितलं. स्वयंपाकघरातलं औषधात कोण धरतं हो?

दाढ निघाली, रक्तही थांबलं. आज आराम करा, असं बाईंनी बजावलं. पण पळणं चुकवेन तर मी कसला! संध्याकाळी निघालो. गोदामांपाशी पोचतो तोच तोंड खारट झालं. थुंकलो तर लालभडक. घरी येईस्तोवर शर्ट पुढून भिजला होता. बायकोने माझ्या तोंडाशी टॉवेल धरला आणि रिक्षात घालून मला परत दवाखान्यात नेलं.

बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. माझ्या तोंडात बोळा, त्यामुळे बायकोने सगळं सांगून टाकलं, लसणासकट.

बाई भडकल्याच. "अहो, गोळीने रक्त आधीच पातळ, त्यावर हे सगळंही रक्त पातळ करणारं, वर पळणं! जखमेवर गाठ धरायला नको?"

धागा तुटला की कारागीर गाठच मारतो, नाहीतर लूम पुढे चालत नाही. हे मला, लूमच्या मालकाला, कुणी सांगायला हवं होतं?

बाईंनी टाके घातले, तरी रक्त झिरपतच होतं. "हे वाचतील ना?" बायकोने त्यांना विचारलं, मी समोर बसलेला असून. तेव्हा मात्र माझी टरकली. या अल्ला, एक गाठ दे, कितीही बेढब चालेल, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिलो.

बऱ्याच वेळाने बाईंनी बोळा उचलून पाहिलं. "धरली गाठ."

बायको ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिचा हात घट्ट धरून बसलो. त्या गाठीला नावं ठेवायची माझी काय बिशाद होती!