शाहीनचा कल, ढोरे सरांचं बोट

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वऱ्हाडात फिरायला कुणी जात नाही. आम्ही पुणेकर तर जूनमध्ये घाटात जाऊन भजी खातो आणि त्यालाच निसर्गप्रेम म्हणतो. पण माझे साहेब म्हणाले, "तीन शाळा, तीन व्याख्यानं, आणि तुझ्या ब्लॉगला विषयही मिळेल." ते इतक्या प्रेमानं बोलले की मी लगेच ओळखलं, दुसऱ्या कुणी तयार झालेलं नाही.

मी एका प्रकाशनात काम करते. दहावीनंतर काय करावं हे सांगणाऱ्या पुस्तिका लिहिते. मी स्वतः दहावीनंतर काय केलं ते विचारू नका. वनस्पतिशास्त्र शिकले आणि आता प्रुफं तपासते. त्या वर्षी आमच्या पुस्तिकेचा विषय होता कल चाचणी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: सरकारनं दहावीच्या मुलांसाठी ही चाचणी काढली होती. मोबाइलवर प्रश्न यायचे, मुलानं उत्तराच्या गोळ्यावर बोट ठेवायचं. मग कृषी, वाणिज्य, कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा वगैरेंपैकी त्याचा कल कुठे आहे हे छापील कागदावर यायचं. सोळा वर्षांत जे पोर आईबापाला कळलं नाही, ते मोबाइलला एका बैठकीत कळायचं. आम्ही त्या कागदाचा अर्थ सांगणारी पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर काळी टोपी हवेत उडवणारा मुलगा होता. तसली टोपी तिवसा तालुक्यात कुणी पाहिली असेल का, हा प्रश्न पुण्यात कुणालाच पडला नाही.

पहिला दिवस: अमरावती, तिवसा

सकाळी बडनेऱ्याला उतरले. अमरावतीला जाणाऱ्यांनी स्टेशनबाहेर शेअर ऑटोच घ्यावी. स्पेशल ऑटोवाला तुमची बॅग बघून भाडं सांगतो आणि माझी बॅग पुण्याची होती. गावात शिरल्यावर आधी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला, वर तिखट चटणी. पहिल्या घासाला वाटलं, एवढं काय कौतुक याचं. तिसऱ्या घासाला दुसरी प्लेट सांगितली. मग एसटीनं नागपूर रस्त्याला तासाभरात तिवसा. बसमध्ये खिडकीची जागा धरू नका, ऊन अंगावर येतं.

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. आतून एक वयस्कर शिपाईकाका आले.

"काहून आल्या मॅडम?"

"व्याख्यान आहे. करिअर मार्गदर्शन."

"कोनाले? शाळा त सव्वीस तारखेले उघडते आमची."

साहेबांनी दौरा पुण्याच्या शाळांच्या तारखा बघून आखला होता. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ज्यांना चार वर्षांनंतरचं पॅकेज सांगता येतं, त्यांना पुढच्या आठवड्यातली सुट्टी कळली नाही. काकांनी माठातलं पाणी दिलं, खुर्ची झटकून दिली आणि स्वतः समोरच्या बाकावर बसले. "आल्याच हा त करा तुमचं भाषन. मी आयकतो."

मी खरंच दहा मिनिटं बोलले. उन्हानं डोकं फिरलं असावं. काकांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "माया कल कुठी हाय, पाहा बरं. दोन वर्सांनी रिटायर होऊन राहिलो." मी त्यांना पुस्तिका दिली. त्यांनी ती वारा घ्यायला लगेच कामाला लावली. अख्ख्या दौऱ्यात तिचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणी केला नाही.

दुसरा दिवस: अकोला

अमरावती ते अकोला शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. नकाशा दोन तास सांगतो. नकाशानं तो रस्ता बघितलेला नाही. चौपदरी करायला म्हणून खणून ठेवलेला, त्यामुळे तूर्तास एकपदरीही नव्हता. पाठीचं दुखणं असेल तर सरळ रेल्वेनं जा. एसटीत माझ्या शेजारच्या बाई मूर्तिजापूरपर्यंत शांत झोपल्या होत्या. तेवढं कौशल्य मला जमलं नाही.

अकोल्यात सभागृहात पालक जमले होते. बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, कापूस पिकवणारे. बोंडअळीनं कपाशी खाल्ल्याचं ते वर्ष होतं. मी प्रस्तावना सुरू केली तोच मागून एक गृहस्थ उभे राहिले. हातात पोराचा कल अहवाल.

"मॅडम, हे बदलून भेटते का?"

"काय आलाय कल?"

"कृषी."

सभागृहात हळहळ पसरली. शेजारच्या बाईंनी त्यांच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगा खाली मान घालून बसला होता. वर्गातल्या पोरांनी त्याला महिनाभर 'कृषी' म्हणूनच हाक मारली होती म्हणे. ज्या गावात कृषी विद्यापीठ आहे, त्या गावात कुणाचा कल शेतीकडे निघाला की घरात रडारड होत होती. मी पुस्तिकेतलं वाक्य म्हटलं, "शेती हे आज अमर्याद संधींचं क्षेत्र आहे." कुणी हसलं नाही, चिडलंही नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला त्या क्षणी घरी जावंसं वाटलं.

तिसरा दिवस: बाळापूर

अकोल्याहून बाळापूर पाऊण तास. एसटी आहे, काळीपिवळी जीपही मिळते. दोन नद्यांमध्ये उभा किल्ला आहे, नदीकाठी दगडी छत्री आहे, आणि दोन्ही बघायला तिकीट नाही. सकाळी नऊच्या आत बघून घ्या, नंतर दगड तापतात.

इथली शाळा मात्र त्या दिवशी उघडी होती, दहावीचे दाखले वाटायला. दहावीचे वर्गशिक्षक ढोरे सर. चाळिशीचे, बुटके, छाती पुढे काढून चालणारे, ओठावर कोरलेली मिशी. मुलांना रांगेत उभं करताना 'सावधान' म्हणायचे. माझं भाषण झालं, आणि खाली उतरल्यावर एक बापलेक वाटेत थांबले. सलीमभाई, बसस्टँडजवळ फवारणी पंप दुरुस्त करतात. मुलगी शाहीन, चांगल्या मार्कांनी दहावी पास. तिला अकोल्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. फॉर्म भरायला उरला होता एक दिवस.

सलीमभाईंनी कल अहवाल उलगडून दाखवला. सगळ्यात वर गणवेशधारी सेवा. तांत्रिक सगळ्यात खाली.

"मॅडम, मशीन म्हणते पोलीस. पोलिसात मी पाठवत नाई. अन् मशीनचं काम हिले जमत नाई, असं मशीनच बोलून राहिली. मंग अकोल्याले कायले पाठवू? हिचा मामू म्हणते, घरीच ठेवा."

"अब्बू, मी ती परीक्षा दिलीच नाही," शाहीन म्हणाली. हे वाक्य तिनं पुष्कळदा म्हटलेलं असावं. आवाजात जोर उरला नव्हता.

"झूठ बोलते. परीक्षा नाई दिली त कागद कसा आला? नाव हिचं, हिच्या आईचं नाव, सगळं बरोबर."

मग खरी गोष्ट बाहेर आली. जानेवारीत शाळेतून सलीमभाईंच्या मोबाइलवर निरोप आला होता: 'कल चाचणी. सर्व विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे.' घरात उर्दू. सलीमभाईंनी वाचलं, कल, म्हणजे उद्या. शाहीन आजोळी अकोटला होती. त्यांनी फोन करून सांगितलं, "कल चाचणी है, सुबह की गाडी से आ जा." ती दुसऱ्या दिवशी कंपास घेऊन, धुतलेला गणवेश घालून शाळेत हजर. चाचणी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. हसावं की काय करावं, मला कळेना. मराठीतल्या त्या एका शब्दावर मी चाळीस पानं लिहिली होती. तो कुणाच्या कानाला उद्यासारखा ऐकू येत असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"मंग शाळेनं नंतर घेतली असन ना परीक्षा," सलीमभाई म्हणाले. "निकाल खराब आला, म्हणून ही आता नाई म्हणते. मी तीस वर्सं मशीन खोलून राहिलो, मॅडम. मशीन झूठ नाई बोलत. माणूस बोलते." ते दुकान उघडायला निघून गेले. शाहीन मागोमाग गेली.

मी बाजूला उभ्या ढोरे सरांकडे बघितलं. सर किल्ल्याकडे बघत होते.

"सर?"

"इकडं या मॅडम." त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. "वरून सांगून राहिले होते, शंभर टक्के पोरं झाली पाह्यजे. अकरा जण गैरहजर. मी संध्याकाळी किल्ल्यावर गेलो, तिथं रेंज येते. बसलो, अन् अकराईचं मीच भरलं."

"अकराही जणांचा कल काय आला?"

"गणवेशधारी."

"सगळ्यांना एकसारखी उत्तरं दिलीत?"

"नाई नाई," ते दुखावल्यासारखे म्हणाले. "दर खेपेले मनापासून विचार करून दिली." मग हळू आवाजात, "तीनदा गेलो होतो मी पोलीस भरतीले. उंचीत दोन सेंटिमीटर कमी पडलो. कोनाले सांगू नका मॅडम. शाळा विनाअनुदानित हाय. पूर्ण पगार अजून सुरू नाई झाला, तो व्हायच्या आधीच नोकरी जाईन."

दाखला म्हणून लिहून ठेवावी अशी गोष्ट होती ही. सरकारनं मुलांचा कल शोधायला निघून एका मास्तरचा कल अकरा वेळा, बिनचूक शोधला होता. यंत्रणा चालत नाही असं आता मी कधी म्हणणार नाही.

पण हसण्यासारखं काही नव्हतं. शाहीनकडे एक दिवस होता. सरांकडे नोकरी होती, तीही अर्धी. मी तशीच दुकानावर गेले. शाहीन स्टुलावर बसून एक पंप खोलत होती. तिनं जुना वायसर काढला, नवा बसवला, दांडा दोनदा मारला, तोटीतून पाण्याचा फवारा उडाला. पाच मिनिटंही लागली नाहीत. सलीमभाईंनी तिच्याकडे न बघताच दुसरा पंप पुढे सरकवला.

मी म्हणाले, "सलीमभाई, चाचणी फक्त दिशा दाखवते. अंतिम निर्णय पालकांनी घ्यावा." पुस्तिकेचं पान चार.

त्यांनी अदबीनं ऐकलं. "म्हणजे हा कागद खरा की खोटा, मॅडम? तेवढं सांगा."

मी गप्प बसले. सरांना शब्द दिला होता असं मी नंतर स्वतःला समजावलं, पण तो मी दिलाच नव्हता. मी घाबरले. तीन दिवस गावोगाव मार्गदर्शन करत फिरले आणि ज्या एका माणसानं सरळ प्रश्न विचारला, त्याला उत्तर दिलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

"सलीमभाई." ढोरे सर मागे येऊन उभे होते. सायकल हातात, चेहरा घामानं डबडबलेला. "त्या कागदावर नाव पोरीचं हाय. कल माया हाय."

त्यांनी सगळं सांगितलं. किल्ला, रेंज, अकरा पोरं. सलीमभाई हातातला पाना धरून ऐकत राहिले. मग शाहीनकडे वळले.

"तू सच बोल रही थी?"

"तीन महिन्यांपासून," ती म्हणाली. मान वर केली नाही, हातातला स्क्रू पिळत राहिली.

सलीमभाईंनी पाना खाली ठेवला. नंतर त्यांनी तिच्या हातातला पंप काढून घेतला, फडक्यानं तिचे हात स्वतः पुसले आणि म्हणाले, "उठ. कागदं काढ. फॉर्म भरून येऊ." मग सरांकडे बघून, "तुमी बसा. चहा घ्या. हे बात या दुकानातून बाहेर नाई जाणार." सर बसले आणि एकदम रडायला लागले. चहावाला कप ठेवून निघून गेला. बाळापुरातलं दुसरं काही मी बघितलं नाही, छत्री राहूनच गेली.

घरी

पुण्यात साहेबांनी विचारलं, "एखादी यशोगाथा मिळाली का? चाचणीमुळे दिशा मिळालेली मुलगी वगैरे? नव्या आवृत्तीत टाकू." मी म्हणाले, मिळाली, पण छापता येणार नाही. इथेही नावं बदलली आहेत. ढोरे सरांचा पगार अजून पूर्ण व्हायचाय.

या प्रवासातून काय उरलं? पाठदुखी, गिला वड्याची आठवण, आणि पान चार. ते वाक्य मी नव्या आवृत्तीतून काढलं. त्याजागी काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून जागा भरायला तिथे नदीवरच्या एका पुलाचं चित्र टाकलंय.

जुलैत शाहीनचा फोन आला. अकोल्याला प्रवेश मिळाला होता. मी विचारलं, कल अहवालाचं काय झालं, खिडकीवर काही अडचण आली का? तर ती हसायला लागली. अब्बूंनी तो सगळ्या कागदांच्या वर ठेवला होता. मागितलाच तर ढोरे सरांचं नाव न घेता काय सांगायचं, हे दोघांनी वाटेत पाठही केलं होतं. पण कुणी मागितलाच नाही. दाखला मागितला, गुणपत्रिका मागितली, फोटो मागितले. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स राहिली होती, आणखी दोन कागद राहिले होते. क्लार्कनं समोरचा कल अहवाल उचलला, उलटा केला आणि त्यावर पेननं यादी लिहून दिली: काय काय आणायचं, किती प्रतींत, कितव्या खिडकीवर. ती यादी घेऊन बापलेक दिवसभर फिरले आणि संध्याकाळी प्रवेश झाला.

मग फोन सलीमभाईंनी घेतला. त्यांना मला धीर द्यायचा असावा.

"मॅडम, तुमी मनाले लावून घेऊ नका," ते म्हणाले. "कागद वाया नाई गेला. मागून कोरा व्हता."