खोडलेली रेघ

इकडे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये काल लेक नकाशा काढत होती. "ग़लत बन गया, मम्मी," म्हणत तिनं खसाखसा रबर घासलं आणि त्या वासासरशी मी पंचवीस वर्षं मागे गेले, गंगेकाठच्या उत्खननात.

समोर अश्मयुगातल्या एका बाईचा सांगाडा होता. घोट्याखाली पाय नव्हते. माती ओली करून रंग बघायचा, हे माधुरीताईंनीच, माझ्या संशोधनाच्या गाइडनी, शिकवलेलं. मी पाणी शिंपडलं. घोट्यांपाशी मातीचा रंग एका रेषेत बदलत होता. म्हणजे खूप नंतर कुणीतरी तिथे खड्डा खणला होता आणि पाय त्यात गेले होते. मी ती रेघ चित्रात काढली. ताईंनी पाठ थोपटली, "शाब्बास! आता तुला नजर आली गं."

वर्षभरानं ताईंचा लेख छापून आला. पाय तोडून पुरण्याचा प्राचीन विधी सापडला म्हणे! चित्र माझंच होतं, फक्त रेघ खोडलेली. खाली रेखांकनाला माझं नाव. मी तडक फोन केला.

"अगं, नुसत्या खड्ड्यावर कोण लेख छापतं?" ताई हसल्या. "आणि तुझं नाव दिलंय की."

मी फोन ठेवला. पुढे तोच लेख नोकरीच्या प्रत्येक अर्जाला जोडला.

त्या बाईचे पाय दोनदा तोडले गेले. पहिल्यांदा कुणाच्या तरी कुदळीनं, नकळत. दुसऱ्यांदा रबरानं, माझ्या नावावर.