आतोबांची ठमी

दिल्लीच्या उन्हाळ्याशी जन्माचं वैर धरलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे आतोबा. खरं तर ते नागपूरचे, स्वतः उन्हाला भीक न घालणारे. पण सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि घरात ठमी आली. ठमी पग जातीची कुत्री, नाक इतकं चपटं की ते आहे हे विश्वासावर मानायचं. ती नुसती बसली तरी घरघर ऐकून पाहुणे विचारत, "आत कोणी आजारी आहे का?" होळी झाली की आतोबा तिला उजाडायच्या आत फिरवून आणत. उन्हं आलीच, तर ठमी कडेवर आणि ओला पंचा तिच्या डोक्यावर. देवपूजा आटोपली की तिच्या तोंडावरच्या घड्या मऊ फडक्यानं पुसायच्या. कूलरचं तोंड कायम तिच्याकडे, आम्ही पाहुणे वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचो. आत्या म्हणे, "माझ्या बाळंतपणात एवढं केलं असतं तर."

त्या वर्षांत ज्याला त्याला पगचं पिल्लू हवं असे. आतोबांनाही ठमीचा संसार पाहायची हौस आली. स्थळ निघालं पानिपतचं. "मराठी माणसानं पानिपतला जपून जावं," आत्या म्हणाली, पण हे गेलेच, आणि खूश होऊन आले. "मुलाला नाक म्हणून नाहीच रे," मला कौतुकानं सांगत होते.

मे महिन्यात एका दुपारी ठमी अडली. मीच गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "अंकलजी, बच्चों का सिर बड़ा है, रास्ता छोटा. ऑपरेशन करना पड़ेगा. साँस पहले ही कम है, बेहोशी में खतरा है." आतोबांनी विचारलं, "कौन सी बीमारी है?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बीमारी नहीं. हमने ही इन्हें ऐसा बनाया है, क्योंकि हमें ये चेहरा अच्छा लगता है."

बाहेरच्या बाकावर आतोबा दोन तास हलले नाहीत. मग म्हणाले, "मी नाक बघून स्थळ पसंत केलं रे."

ठमी वाचली. तिन्ही पिल्लं गेली. जखम भरल्यावर काही महिन्यांनी आतोबांनी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं आणि मग प्रचाराला लागले. कुणी पगचं पिल्लू घेणार म्हटलं, की त्याचं नाक चिमटीत धरून म्हणत, "आता जिना चढून दाखवा." एका लग्नात त्यांनी आपल्या जुन्या साहेबांचं नाक धरलं. साहेब नवऱ्यामुलाचे काका निघाले. आत्या पंगत सोडून बाहेर जाऊन उभी राहिली.

ठमी नऊ वर्षांची होऊन गेली. वर्षभर आतोबा कुणाचंच नाक धरेनात. मग बसस्टॉपवरची एक लांबट तोंडाची गावठी कुत्री त्यांच्या मागोमाग घरी आली ती राहिलीच.

मागच्या हिवाळ्यात गेलो, तेव्हा ते पार्कातल्या उन्हात बसले होते. ती कुत्री खारीमागे सुसाट धावत होती, एक फेरी, दुसरी, तिसरी.

"आमची ठमी चार पावलं टाकली की बसायची," ते म्हणाले. "आळशी आहे म्हणून मी सगळ्यांना हसून सांगायचो."